मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता चालेल ती गाडी: खान्देशातल्या पाच जणांच्या घरासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरला राहणारं शिक्षकाचं घर. नवरा-बायको, चौदा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, सत्तरीची आई. घरातली पहिलीच फोरव्हीलर. ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून, साडेसात लाखांच्या वर जायचं नाही. दर आठवड्याला तापीकाठच्या गावी शेतावर, महिन्यातून दोनदा धुळे किंवा जळगाव, वर्षातून एकदा सप्तशृंगगड आणि एकदा पुणे. रनिंग वर्षाला आठेक हजार किलोमीटर. वॅगनआर, टियागो, ग्रँड आय१० निऑस, की जुनी स्विफ्ट-बलेनो? सीएनजी घ्यावी का?

सर, आधी उत्तर, मग कारणं. नवीन घेणार असाल तर १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, मधलं व्हेरिएंट. सीएनजी तुमच्या रनिंगला नको. तिघींपैकी निऑस आणि १.२ ची वॅगनआर या दोन गाड्या आईंना सोबत नेऊन बघा. त्यांचे गुडघे निऑसच्या सीटला राजी असतील तर निऑस, नसतील तर वॅगनआर. गावापेक्षा हायवेच जास्त होणार असेल तर टियागो वर येते. जुनी घ्यायला हरकत नाही, पण एप्रिल २०१९ च्या आधीची नको.

मायलेजपासून सुरुवात करत नाही, कारण खान्देशात छोटी गाडी मायलेजला नापास होत नाही, उन्हाला होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीचा आतला पत्रा आणि डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. त्यात पाच माणसं बसली की एसीला एकाच वेळी तीन कामं पडतात: तापलेलं आतलं सामान थंड करणं, बाहेरून येणारी उष्णता झेलणं आणि पाच अंगांची उष्णता ओढून घेणं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, म्हणजे ही सगळी ताकद चाकांच्या वाट्यातून जाते.

वॅगनआरचं १ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन सुमारे ६७ पीएस (ताकद) आणि ८९ न्यूटन-मीटर (ओढ, म्हणजे टॉर्क) देतं. तेच सीएनजीवर ५७ पीएस आणि ८२ न्यूटन-मीटरवर येतं. त्याच गाडीतलं १.२ चं चार सिलिंडरचं इंजिन सुमारे ९० पीएस आणि ११३ न्यूटन-मीटरचं आहे. निऑसचं १.२ साधारण ८३ पीएस आणि ११४, टियागोचं तीन सिलिंडरचं १.२ साधारण ८६ पीएस आणि ११३. सपाट रस्त्यावर एकट्याने चालवताना हा फरक कळत नाही, आणि शोरूमची टेस्ट ड्राइव्ह नेमकी तशीच असते: सकाळी अकरा वाजता, सेल्समन शेजारी, रस्ता डांबरी. नांदुरीहून गडावर चढताना किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट धरताना पाच जण, डिकीत बॅगा आणि एसी चालू असला की १ लिटरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते. मग चालवणारा एक तर एसी बंद करतो किंवा पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत नेतो. दोन्हीत हाल आहेत, आणि दुसऱ्यात इंजिन तापतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन ते चारमध्ये मागा. गाडी अर्धा तास उन्हात उभी ठेवायला सांगा. घरचे पाचही जण बसा. आधी काचा उघड्या ठेवून दोन मिनिटं चालवा म्हणजे आतली कोंडलेली गरम हवा बाहेर जाईल, मग काचा लावून एसी फुल, रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं, बटण दाबलेलं. दहा मिनिटांनी गाडी रस्त्याच्या कडेला चालूच ठेवून थांबवा आणि मागच्या सीटवरच्या माणसाला विचारा. चालत्या गाडीत एसी सगळ्यांचाच गार लागतो. खरी परीक्षा रेल्वे फाटकावर उभं राहिल्यावर होते, कारण तेव्हा कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, वारा फक्त पंख्याचा मिळतो. मागे एसीचे व्हेंट निऑसमध्ये मिळतात, वॅगनआर आणि टियागोत नाहीत. पुण्या-मुंबईकडचा माणूस याला चैन म्हणेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसासाठी ती गरज आहे. व्हेंट नसेल तर पुढचे मधले दोन व्हेंट छताकडे तिरके करून ठेवा. गार हवा वरून मागे सरकते, ब्लोअर मात्र एक पायरी वर ठेवावा लागतो. रंग पांढरा किंवा चंदेरी. काळी गाडी शोरूममध्येच छान दिसते.

आता आईंच्या बसण्याचं. गाडीत शिरताना गुडघा वाकवून खाली जावं लागतं की नुसतं वळून टेकता येतं, यावर सगळं आहे. वॅगनआरची सीट उंचावर आहे आणि दार उंच उघडतं. साडी सावरून, दाराची चौकट धरून माणूस नुसता टेकतो आणि पाय आत घेतो. स्विफ्ट-बलेनोत खाली उतरावं लागतं आणि उठताना जोर लावावा लागतो. निऑस मधे पडते. एकदा बसवून भागत नाही, पाच वेळा बसवा-उठवा. पाचव्यांदा त्यांनी कंबरेवर हात ठेवला तर ती गाडी बाद. रुंदीचं उलट आहे. वॅगनआर १६२० मिलिमीटर, निऑस १६८०. सहा सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण मागे तिघं बसल्यावर आणि मुलगा कॉलेजात गेल्यावर कळतो. डिकी वॅगनआरची ३४१ लिटर, निऑसची २६०, टियागोची २४२. गावाहून धान्याचं पोतं, कैऱ्या, कडधान्याच्या पिशव्या येणार असतील तर वॅगनआरचं पारडं जड आहे. मात्र वजनाचं गणित सांभाळा. कंपनीने दिलेल्या एकूण वजनातून गाडीचं रिकामं वजन वजा केलं की काय राहतं ते माणसं आणि सामान मिळून. छोट्या गाड्यांत ते साधारण ४०० ते ५०० किलो असतं. पाच माणसांचे तीन-सव्वातीनशे धरा, ५० किलोचं एक पोतं चालेल, तीन नाहीत. सीएनजीची टाकी असेल तर तिचंही वजन यातूनच गेलेलं असतं, आणि डिकीही.

सुरक्षिततेचे तारे बघताना तारीख बघा. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले, निऑसला त्याच वर्षी २, वॅगनआरला २०२३ मध्ये १. या चाचण्या दोन एअरबॅगांच्या गाड्यांच्या होत्या. नंतर ह्युंदाईने २०२३ मध्ये आणि मारुतीने वॅगनआरसाठी २०२५ मध्ये सहा एअरबॅगा सगळ्या व्हेरिएंटना दिल्या. एअरबॅगा वाढल्या म्हणून पत्र्याचा सांगाडा मजबूत होत नाही, हे सेल्समन सांगणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणी सुरू झाली आहे, तेव्हा घ्यायच्या आठवड्यात ताजा निकाल आहे का ते पाहा. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हायवेवर ट्रक आणि कंटेनरच्या मधे तुमची गाडी सर्वात हलकी असते. महिन्याला दोन फेऱ्यांऐवजी रोजचं अप-डाऊन असतं तर मी डोळे झाकून टियागोकडे बोट दाखवलं असतं. काहीही घेतलं तरी मागच्या मधल्या सीटला तीन-पॉइंटचा पट्टा आहे का ते हाताने ओढून बघा. नऊ वर्षांचं पोर तिथेच बसणार आहे. आणि मागच्यांनीही पट्टा लावायचा. सीट कव्हर शिवणारा पट्ट्यांची बकलं कव्हराखाली गाडून टाकतो, ती आधी बाहेर काढायला लावा. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथे शिवण उसवणारं खास कव्हरच लागतं.

तापीकाठच्या काळ्या मातीबद्दल तुम्हाला काही सांगायची गरज नाही, गाडीच्या बाजूने सांगतो. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची रस्त्यापासूनची उंची, तिघींचा १६५ ते १७० मिलिमीटरच्या घरात आहे, म्हणजे त्यावरून निवड होत नाही. हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच जण बसले की गाडी खाली बसते आणि गावोगावी हौसेने घातलेले स्पीडब्रेकर मधोमध घासतात. तिरकी चढवायची, एकेक चाक. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर यातली कुठलीच गाडी घालू नका, मिनी-एसयूव्ही नावाच्या गाड्यासुद्धा नाही. त्याही पुढच्याच चाकांवर चालतात. काळा चिखल मडगार्डमध्ये घट्ट बसतो, वाळला की सिमेंट होतो आणि चाक वळवताना टायरला घासतो. तो ओला असतानाच काढायचा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती याच मातीने बुजतात आणि दार आतून सडतं. काडेपेटीतली काडी फिरवून महिन्यातून एकदा मोकळी करा.

सीएनजीचं गणित हाताने करून दाखवतो, दर तुमच्या दिवसाचे घाला. पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९२ रुपये किलो धरू. एसीसकट पेट्रोलवर १७, सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर धरू. कंपनीचे आकडे याच्या कितीतरी वर असतात, वॅगनआरच्या सीएनजीचा ३४ च्या घरात आहे, पण तो प्रयोगशाळेतला. वर्षाला ८००० किलोमीटरला पेट्रोलचा खर्च सुमारे ४९,४०० आणि सीएनजीचा २९,४००. वाचले वीस हजार. सीएनजी गाडी नव्वदेक हजारांनी महाग धरली तर पैसे फिटायला साडेचार वर्षं. तोवर डिकी अपुरी, ताकद कमी, आणि पंपावरची रांग. हीच गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर चालली तर वर्षाला ३७ हजार वाचतात आणि अडीच वर्षांच्या आत फिटते. म्हणजे धुळे-अमळनेर रोज करणाऱ्याने सीएनजी घ्यावी, तुम्ही नाही. घेतलीच तर कंपनीची घ्या. बाहेरून किट बसवलं की आरसीवर आणि विम्यात नोंद करणं आलं, व्हॉल्व्ह सीट झिजण्याचा धोका आला आणि नव्या गाडीची वॉरंटी गेली. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) करावी लागते, हे विकणारा विसरतो.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून मायलेज थोडं कमी लागणार हे धरूनच चाला. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या इंधनाला धरून आहेत. त्याआधीची गाडी घेतलीत तर फ्युएल लाइनची रबरं मधूनमधून बघायला सांगा.

ऑटोमॅटिकबद्दल विचारलेलं नाही, पण शोरूममध्ये गळ घालतील. या बजेटमधली ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. क्लच आणि गिअर तेच, दाबणारा पाय तेवढा यंत्राचा. घाटात थांबून चढताना गाडी किंचित मागे येऊ शकते आणि चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच जळतो. गुडघ्याचा त्रास तुम्हालाच असेल तर घ्या, एरवी मॅन्युअल. आपल्याकडच्या गॅरेजात मॅन्युअलचा क्लच कुणीही टाकतो, एएमटीच्या ॲक्च्युएटरला (क्लच दाबणाऱ्या यंत्राला) शहरातल्या वर्कशॉपला जावं लागतं.

भरवशाची गाडी म्हणजे न बिघडणारी, एवढाच अर्थ घेऊ नका. बिघडल्यावर त्याच संध्याकाळी चालू होणारी ती भरवशाची. त्यासाठी शोरूमला जायच्या आधी पार्टच्या दुकानात जा. पुढचे ब्रेक पॅड, क्लच सेट, सस्पेन्शनचा लोअर आर्म, एसीचा कंडेन्सर आणि डाव्या बाजूचा हेडलाइट, या पाच वस्तूंचा भाव आणि 'आज मिळेल का' एवढंच तिन्ही गाड्यांसाठी विचारा. डाव्या बाजूचा म्हणजे रस्त्याच्या कडेकडचा, मोटरसायकल आणि बैलगाडी तिथेच लागते. जी गाडी 'जळगावहून मागवावी लागेल' यादीत दोनदा आली, तिच्या किमतीत मनातल्या मनात वीस हजार मिळवा. याच कारणाने जुन्या बाजारात शेवरोले, फोर्ड आणि डॅटसन स्वस्तात दिसतात. शेवरोलेने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. फिगो गाडी म्हणून वाईट नव्हती. पण पहिली गाडी, ती तालुक्याच्या गावी, आणि पार्टसाठी फोनाफोनी, हे तुमच्या घराला नको.

आता जुन्या गाडीकडे येऊ. साडेसात लाख असताना जुनी घ्यायचं एकच चांगलं कारण आहे: चार-साडेचार लाखांत भागवून कर्ज टाळणं. एप्रिल २०१९ ची रेघ का, तर तेव्हापासूनच्या सगळ्या गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही कंपनीचीच येते. दोन्ही पुढच्या सीटना एअरबॅग हवी असेल तर २०२२ नंतरच्या गाडीत ती असतेच, त्याआधीच्या गाडीत व्हेरिएंट विचारा. पहिला मालक, १.२ पेट्रोल, साठ हजार किलोमीटरच्या आत, एमएच-१९, १८ किंवा ३९ ची, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार पासिंगची. स्विफ्ट, बलेनो, निऑस, १.२ वॅगनआर, चारही चालतील. डिझेल स्विफ्ट अमळनेरात ढिगाने मिळतील आणि मित्र आग्रहही करतील. ते १.३ चं इंजिन दणकट होतं खरं, पण एप्रिल २०२० पासून मारुतीने ते बंद केलं, म्हणजे मिळणारी प्रत्येक गाडी त्याआधीची, आणि बहुतेक लाख-दीड लाख चाललेल्या. इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम तुमची चार वर्षांची डिझेलची बचत खाऊन टाकतं.

बघताना गाडी सकाळी थंड इंजिनावर बघा. विकणाऱ्याने आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. आपल्या भागात सर्वात आधी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली बघायची. इंजिन थंड असताना टोपण उघडून आत बोट फिरवा. हिरवं किंवा लाल-गुलाबी स्वच्छ पाणी असेल तर ठीक. विटकरी, गंजलेलं असेल तर बोअरचं पाणी घालून चालवलेली गाडी आहे, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेला असणार. वर तेलाची साय दिसली तर गाडी एकदा तापून हेड गॅस्केट (इंजिनातलं मुख्य सील) गेलेलं असण्याची शक्यता मोठी. पुढे बोलूच नका. मग एसी फुल करून गाडी वीस मिनिटं उभ्याउभ्या चालू ठेवा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना तापमानाचा काटा नसतो, फक्त थंड इंजिनाला निळा आणि तापलेल्याला लाल दिवा असतो. हजारभर रुपयांत मिळणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचणारं छोटं यंत्र) जोडला की मोबाइलवर तापमानाचा आकडा दिसतो. ८५ ते १०० च्या दरम्यान खेळत राहिला आणि पंखा सुरू-बंद होत राहिला तर बरं. नुसता चढतच गेला तर बंद करा आणि नमस्कार करून निघा.

किलोमीटरचा काटा मागे घेतलेला ओळखायला ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड बघा. चाळीस हजाराच्या गाडीत रबराची नक्षी गुळगुळीत होत नाही. चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपला सर्व्हिसची नोंद मिळते, ती मालकालाच मागायला लावा. अपघाताची गाडी बॉनेट आणि दारांच्या बिजागरीच्या नटांवरून कळते. पान्हा लागला की नटाच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो. सगळ्या काचांवर कंपनीचा शिक्का आणि वर्ष असतं, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचा टायर आपल्या उन्हात हायवेला वापरायचा नाही. मुंबई-सुरतकडून आलेली गाडी स्वस्त असते. खाऱ्या हवेचा गंज दाराखालच्या पट्टीत आणि पुराचं पाणी सीटच्या रुळांत शोधा. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ दिसली तर गाडी बुडालेली आहे. पट्टा शेवटपर्यंत कुणी धुवत नाही. आणि आधी पिवळ्या पाटीवर टॅक्सी म्हणून चालून मग पांढरी केलेली नाही ना, हे आरसीच्या जुन्या नोंदीत बघा.

कागद: फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलायला, आधी कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८. गुजरात पासिंगची गाडी घेतली तर इथला टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो धरून भाव ठरवा. 'नाव नंतर करू' म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच.

नव्या गाडीच्या पैशांकडे वळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी २८ आणि वर सेस होता. त्यामुळे जुन्या गाड्यांचे भावही उतरायला हवेत. विकणारा जुन्या भावावर अडून बसला तर त्याला नव्या गाडीचं कोटेशन दाखवा. साडेसात लाख ऑन-रोड म्हणजे एक्स-शोरूम (टॅक्स-विमा धरण्याआधीची किंमत) साधारण सव्वासहा ते ६ लाख ४० हजार. कसं ते बघा: ६ लाख ३० हजारांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे ६९,३००. विमा तीस-पस्तीस हजार. नोंदणी, आरसीवर कर्जाचा बोजा चढवणं, नंबर प्लेट, फास्टॅग मिळून काही हजार. झाले सुमारे ७ लाख ४० हजार. यापलीकडे 'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक' अशी ओळ कोटेशनवर दिसली तर ती खोडायला सांगा. अॅक्सेसरी किटची सक्ती नसते. विमाही शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून झिरो डेप (पार्टची घसारा-कपात न करणारं कवच) आणि इंजिन प्रोटेक्टसकट (इंजिनाच्या नुकसानीचं कवच) भाव काढा आणि तो कागद समोर ठेवा, शोरूमचा भाव बहुतेक वेळा लगेच खाली येतो. १००० सीसीच्या आतल्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ६,५२१ आणि त्यावरच्या १५०० सीसीपर्यंत १०,६४० आहे. १.२ घेताना हा चारेक हजारांचा फरक धरा. या एवढ्यासाठी १ लिटर घेऊ नका.

कर्ज घ्यायचं असेल तर पाच वर्षांच्या वर नाही. पाच लाखांना साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १०,५०० आणि एकूण व्याज १ लाख ३० हजार. सात वर्षांचा हप्ता ८,१७० वर येतो, व्याज मात्र १ लाख ८६ हजार होतं. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी टायर, बॅटरी, क्लच हे खर्च हप्ता चालू असतानाच येऊन पडतात.

गाडी आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा दसऱ्याला दारात आणायची हौस सगळ्यांना असते, आणि त्या दिवशी शोरूममध्ये कुणाला दोन मिनिटं बोलायला वेळ नसतो. मुहूर्ताला पूजा करा, तपासणी चार दिवस आधी करा, आणि नोंदणी होण्याआधीच. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी बदलून मिळत नाही. चेसिसवरून बनल्याचा महिना विचारा. डिसेंबरात सूट मोठी मिळते, पण जानेवारीत ती गाडी मागच्या वर्षाची झालेली असते. दहा वर्षं वापरणार असाल तर सूट घ्या, चार वर्षांत विकणार असाल तर नको. काटा पन्नासेक किलोमीटरच्या आत हवा. चारही टायर आणि स्टेपनी एकाच सुमाराची हवीत. उन्हात उभी करून पत्र्यावर तिरकं बघा, पुन्हा रंगवलेला भाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. जॅक, पान्हा, टोईंगचा हुक डिकीत आहे का बघा.

घरी आल्यावर गाडीला आपल्या हवेचं पथ्य आहे. कूलंट कंपनीचाच, तयार मिक्स किंवा डिस्टिल्ड वॉटरसोबत अर्धा-अर्धा. बोअरचं किंवा नळाचं पाणी अडचणीत एकदा घालावंच लागलं तर आठवड्यात सगळं काढून नवीन भरा. कापसाच्या दिवसांत वेचणीची रुई आणि धूळ मिळून कंडेन्सरच्या जाळीवर पापुद्रा धरतो. एसी कमी झाला की लोक गॅस भरायला धावतात, आणि निम्म्या वेळा जाळी साफ केली तरी भागलं असतं. पाण्याचा हलका मारा आतून बाहेरच्या दिशेने द्यायचा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की जाळीची पानं आडवी होतात आणि हवा कायमची अडते. केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्समागे असतो, काही मॉडेलांत तो दिलेलाच नसतो, नुसती जागा असते. असेल तर दर पाच हजार किलोमीटरना झटका. टायरची हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपासा. दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून हवा काढली की संध्याकाळी तो टायर कमी हवेवर धावतो, आणि कमी हवेचा तापलेला टायरच फुटतो. बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांत संपते, चौथ्या वर्षी पुण्याला निघायच्या आधी ती तपासून घ्या.

राहिला उंदीर. गावी धान्याच्या कोठीजवळ रात्रभर गाडी उभी राहणार, आणि इंजिनाची ऊब उंदराला आवडते. एका रात्रीत वायरिंग हार्नेस कुरतडला जातो आणि बिल हजारांत येतं. विमा घेताना उंदराने केलेलं नुकसान धरलंय का, हे विचारून लेखी घ्या. गाडीखाली आणि बॉनेटखालच्या मोकळ्या जागांना बारीक तारेची जाळी बसवून घ्या, पण रेडिएटरच्या समोर नको, तिथे वारा अडतो. गावी मुक्काम असेल त्या रात्री बॉनेट उघडं ठेवा. अंधार आणि ऊब दोन्ही गेली की उंदीर फिरकत नाही. सकाळी निघताना तेवढं आठवणीने लावा, खटका दोन टप्प्यांचा असतो, दुसरा आवाज ऐकू आला पाहिजे.